'अल्टिमो'ची तारीख

कोणत्याही जुन्या कचेरीतले इंग्रजी पत्रांचे बाड उघडा. पहिल्या दहा पत्रांत एक शब्द भेटल्यावाचून राहत नाही. 'आपले १५ अल्टिमोचे पत्र पावले', 'आमच्या २७ अल्टिमोच्या पत्राकडे आपले लक्ष वेधतो', 'मालाची रवानगी ८ प्रॉक्सिमोस होईल' अशी ती भाषा असते. आजच्या तरुण वाचकास हा अल्टिमो एखाद्या परदेशी गृहस्थाचे नाव वाटला, तर त्यात त्याचा दोष नाही. शाळेत तो कोणी शिकवीत नाही आणि कचेरीत तो आता कोणी लिहीत नाही. लहान कोशांनी त्याला एका ओळीत गुंडाळून ठेवले आहे. परंतु दीड-दोनशे वर्षे इंग्रजीत चाललेला सारा व्यापार, राजकारण आणि वर्तमानपत्रांचा मजकूर या शब्दाच्या आणि त्याच्या दोन भावंडांच्या खांद्यांवरून वाहिला गेला. ज्याला जुनी पत्रे वाचावयाची आहेत त्याला या तिघांशी ओळख करून घेणे भागच आहे.

तिघांची नावे अल्टिमो, इन्स्टंट आणि प्रॉक्सिमो. अल्टिमो म्हणजे गेल्या महिन्यात, इन्स्टंट म्हणजे चालू महिन्यात आणि प्रॉक्सिमो म्हणजे येत्या महिन्यात. मूळ लॅटिन शब्दप्रयोगात 'महिना' या अर्थाचा 'मेन्से' हा शब्द पुढे असे. 'अल्टिमो मेन्से' म्हणजे 'गेल्या मासी'. पुढे वापरून वापरून महिना गळाला आणि विशेषण तेवढे उरले. लॅटिनमध्ये 'केव्हा' या प्रश्नाचे उत्तर पंचमीच्या रूपाने देतात. आपण तेच 'त्या दिवशी', 'पहिल्या प्रहरी' असे सप्तमीने देतो. म्हणजे 'अल्टिमो' हे मुळात विभक्तीचे रूप आणि कामाने क्रियाविशेषण. इंग्रजी कोशकारांचे मात्र त्याच्या जातीविषयी एकमत नाही. शब्द नेहमी तारखेच्या आकड्यामागून येतो म्हणून कोणी त्याला विशेषण म्हणतात, कोणी क्रियाविशेषण. मला स्वतःला दुसरे मत पटते. जो शब्द 'केव्हा' याचे उत्तर देतो त्याला, तो कोणत्याही पाटावर बसलेला असला तरी, क्रियाविशेषणाच्याच पंक्तीस बसवावे.

या शब्दांची संक्षिप्त रूपे तीन किंवा चार अक्षरांची आणि पुढे टिंब. कारकुनाला ती सोयीची वाटली यात नवल नाही. दिवसाकाठी चाळीस पत्रांच्या नकला हाताने उतरवावयाच्या, तर 'सप्टेंबर' असे लांबलचक लिहिण्यापेक्षा तीन अक्षरे बरी. शिवाय लॅटिनचा दर्प होताच. साधे 'गेल्या महिन्यात' म्हटले तर सही करणाऱ्या साहेबाचा रुबाब तो काय राहिला! कलकत्त्याच्या क्लाइव्ह स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नेताजी सुभाष रोडवर, ताग, चहा आणि कोळसा यांचा कारभार पाहणाऱ्या पेढ्यांची रांगच्या रांग होती. तेथे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात उमेदवाराने जे धडे गिरवावयाचे त्यांत हे तीन शब्द असत. पत्रलेखनाची मार्गदर्शक पुस्तके ते छापीत आणि उमेदवार ती पाठ करीत.

आमच्या या शहरास आज कोलकाता म्हणतात. २००१ सालापासून ते त्याचे अधिकृत नाव आहे. परंतु ज्या पत्रांविषयी मी लिहितो आहे त्यांच्या माथ्यावर कलकत्ता हेच नाव आहे, म्हणून जुन्या काळाच्या गोष्टीत मी तेच वापरीन. हिंदुस्थानातले पहिले छापील वर्तमानपत्र, हिकी यांचे 'बेंगॉल गॅझेट', येथेच २९ जानेवारी १७८० रोजी निघाले. त्या काळच्या वर्तमानपत्रांचा निम्मा मजकूर म्हणजे दूरदूरच्या गावांहून आलेल्या पत्रांतले उतारे. विलायतेहून केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या जहाजास पाच-सहा महिने लागत. मद्रास आणि मुंबईची टपालेही आठवडे आठवडे वाटेत असत. अशा काळात 'गेल्या महिन्याच्या २७ तारखेस' असे लिहिणे म्हणजे एक गमतीचे कोडे घालणे होय. गेल्या म्हणजे कोणाच्या गेल्या? लिहिणाऱ्याच्या, छापणाऱ्याच्या की वाचणाऱ्याच्या?

नियम असा की अल्टिमो मोजावयाचा तो पत्राच्या माथ्यावरील तारखेपासून. वाचणारा कधी वाचतो याच्याशी त्याला कर्तव्य नाही. नियम सोपा खरा. पण माथा फाटलेला असला, वाळवीने खाल्लेला असला किंवा नक्कल करणाऱ्याने गाळलेला असला म्हणजे सगळेच मुसळ केरात.

याचे उदाहरण आपल्याच इतिहासातले घेऊ. १७८६ पासून १७९७ पर्यंत पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील म्हणून सर चार्ल्स मॅलेट राहत होता. पुण्यास संगमावर त्याची रेसिडेन्सी होती. तेथून तो कलकत्त्यास गव्हर्नर जनरलकडे पुण्याची खडानखडा बातमी धाडी. सवाई माधवराव २५ ऑक्टोबर १७९५ रोजी शनिवारवाड्यातल्या माडीवरून खाली पडले आणि २७ तारखेस वारले. आता अशी कल्पना करा की त्या घटनेसंबंधीचे एखादे पत्र नोव्हेंबरात पुण्याहून निघाले आणि कलकत्त्यास सर जॉन शोअरच्या टेबलावर डिसेंबरात पडले. पत्रात '२७ अल्टिमो' आहे. माथ्याकडे न पाहता वाचणाऱ्याने तो नोव्हेंबर धरला, तर पेशव्यांचे आयुष्य कागदावर एका महिन्याने वाढले! कारकून सावध असतील तर असे होत नसे. पण शंभर-दीडशे वर्षांनंतर बाडातून सुटे झालेले पान हाती घेणाऱ्या संशोधकाला तो कारकून कोठून मदतीस येणार?

ही रेसिडेन्सीची पत्रे प्रसिद्ध करण्याचे काम दोन वृद्ध मित्रांनी अंगावर घेतले. एक कलकत्त्याचे सर जदुनाथ सरकार आणि दुसरे कामशेतचे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. 'पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स' या मालेचा पहिला खंड १९३६ साली निघाला. त्याआधी १९३० ते १९३४ या काळात सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापले होते. जदुनाथ मराठी शिकले होते. या दोघांचा पत्रव्यवहार अर्धे शतक चालला. जदुनाथ मे १९५८ मध्ये गेले आणि रियासतकार पुढच्या वर्षी नोव्हेंबरात. लेक टेरेसवरच्या जदुनाथांच्या घरावरून मी पुष्कळदा जातो. दक्षिण कोलकात्यातल्या त्या शांत रस्त्यावर उभे राहिले म्हणजे वाटते, एक बंगाली आणि एक मराठी गृहस्थ यांनी कोणत्या पत्राची तारीख कोणती, यावर किती संध्याकाळी खर्ची घातल्या असतील! तारीख चुकली की कारण आणि कार्य यांची अदलाबदल होते. आधी तह आणि मग लढाई असे उफराटे चित्र उभे राहते.

कोणी म्हणेल की ही इंग्रजांची खोड, आपल्याकडे असे काही नव्हते. तसे मुळीच नाही. आपल्या पूर्वजांनी या बाबतीत इंग्रजांवर कडी केली होती. मराठी पत्रात बहुधा 'छ' हे अक्षर, पुढे चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना असे. 'छ' म्हणजे चंद्र. वर्ष लिहिलेच तर ते अरबी संख्यावाचक शब्दांत. माधवरावांच्या मृत्यूचे वर्ष 'सीत तिसैन मया व अलफ' असे, म्हणजे सहा, नव्वद, शंभर आणि हजार. खासगी पत्रांत बहुतेक वेळा वर्ष गाळलेलेच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ठाऊक आहे, मग शाई कशाला वाया घालवा, असा रोकडा हिशेब. तेवढ्यावर थांबले नाहीत. 'साल मजकूर' म्हणजे वर सांगितलेले वर्ष आणि 'साल गुदस्त' म्हणजे गेले वर्ष. 'वर सांगितलेले' ते पान गहाळ झाले असले म्हणजे संशोधकाने जंत्री पुढे ओढून बसावे.

पण एक गोष्ट मराठी कारकुनांच्या बाजूने सांगितली पाहिजे. पत्र पोचले की त्याच्या पाठीवर ते कोणत्या दिवशी पोचले याची नोंद ते करीत. फारसीतला 'पैवस्त' हा शब्द त्या नोंदीसाठी रूढ होता. लिहिण्याची तारीख संदिग्ध असली तरी पोचण्याची तारीख अनेकदा हाती लागते आणि तिच्यावरून मागे मोजता येते. पाठीवरच्या त्या एका ओळीने किती तरी वाद मिटविले आहेत.

'मजकूर' या शब्दाची गंमतही येथेच सांगून टाकतो. मुळात अरबी. अर्थ, 'ज्याचा उल्लेख झाला आहे तो'. दस्तऐवजात 'मौजे मजकूर', 'कसबे मजकूर' असे तो पदोपदी येई. इतका आला की लिहिलेल्या साऱ्या गोष्टीलाच आपण मजकूर म्हणू लागलो. बोट दाखविणारा शब्द स्वतःच वस्तू होऊन बसला. 'गुदस्ता'ही फारसी, आणि खेड्यापाड्यांतून अजून जिवंत आहे. औंदा, गुदस्ता आणि त्याच्या मागचे तिगस्ता. शेतकरी पावसाचा हिशेब सांगताना हे तीन शब्द ज्या सफाईने टाकतो त्यापुढे अल्टिमो आणि प्रॉक्सिमो फिके वाटतात. पण दोहोंचा दोष एकच. बोलणाऱ्याचे वर्ष कोणते हे माहीत असल्याशिवाय त्यांतून आकडा निघत नाही.

कोलकात्यात राहणाऱ्या मराठी माणसाला असल्या शब्दांचा धडा पहिल्याच महिन्यात मिळतो. बंगालीत 'काल' म्हणजे मागचा दिवसही आणि पुढचा दिवसही. 'पॉरशू'चेही तसेच. आपला 'परवा' दोन्हीकडे तोंड करून बसतो हे खरे, पण 'काल' तरी आपण एकाच बाजूला बसविला आहे. मी येथे नवा आलो तेव्हा सुतार म्हणाला, 'काल आशबो'. मला बंगाली क्रियापदांची फारशी ओळख नव्हती. मी समजलो, हा काल येऊन गेला. घरी कोणी नव्हते म्हणून परत गेला असेल, असे धरून मी त्याची माफी मागितली. तो बिचारा गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला आणि दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे आला, तर मीच घरी नव्हतो. बंगाली मंडळींचा यात कधी घोटाळा होत नाही, कारण क्रियापद सगळे सांगते. शंका असलीच तर ते 'गत काल' आणि 'आगामी काल' असे फोड करून म्हणतात. शब्द एकटा असला की लंगडा, वाक्यात बसला की धडधाकट. अल्टिमोचे नेमके उलटे आहे. त्याला वाक्य मदत करीत नाही, कागदाचा माथा करतो.

जर्मन लोकांनी तर याहून मोठी अडचण करून ठेवली आहे. त्यांच्या व्यापारी भाषेत आणि पेढ्यांच्या व्यवहारात 'उल्टिमो' म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस. तोच लॅटिन शब्द, तेच स्पेलिंग. इंग्रजाला तो मागच्या महिन्यात नेतो आणि जर्मनाला महिन्याच्या अखेरीस. शब्दाचा मूळ अर्थ 'शेवटचा', आणि 'शेवटचा' म्हणजे 'नुकताच होऊन गेलेला' की 'टोकाचा', हे ज्याने त्याने आपापल्या परीने ठरविले.

विसाव्या शतकाच्या मध्यास या शब्दांना उतरती कळा लागली. सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८ साली ब्रिटिश अर्थखात्याच्या सूचनेवरून 'प्लेन वर्ड्‌स' हे छोटे पुस्तक सरकारी नोकरांसाठी लिहिले. त्यांच्यासारख्या जाणत्यांचा उपदेश असा की ठेवणीतली भाषा सोडा आणि महिन्याचे सरळ नाव लिहा. आपल्याकडेही कचेऱ्यांतून अल्टिमो आणि प्रॉक्सिमो हळूहळू नाहीसे झाले. 'इन्स्टंट' मात्र वकिलांच्या आश्रयाने तगला. 'प्रस्तुत खटल्यात' या अर्थाने 'इन द इन्स्टंट केस' असे आपली न्यायालये अजून लिहितात. १८६२ साली स्थापन झालेल्या येथील उच्च न्यायालयाचे निकाल चाळले तरी तो भेटतो. घरच्या चौघांना इन्स्टंट म्हटले की कॉफी आठवते, वकिलाला खटला. सरकारी मराठीतले 'समक्रमांकाचे पत्र' हेही याच कुळातले. पहिला क्रमांक ठाऊक नसेल तर 'सम' कशाशी, ते ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

येथवर मी जे सांगितले ते कोणालाही ग्रंथालयात बसून काढता येईल. अलिपूरच्या बेल्वेडिअरमध्ये राष्ट्रीय ग्रंथालय आहे, तेथे जुन्या वर्तमानपत्रांचे ढीग आहेत. पण हा शब्द माझ्या मनात घर करून बसला तो ग्रंथालयामुळे नव्हे. माझ्या एका स्नेह्यांच्या ट्रंकेमुळे.

हे स्नेही सातारा जिल्ह्यातले. त्यांचे आजोबा कलकत्त्यास एका इंग्रजी ताग-पेढीत हिशेबनीस होते. भवानीपुरात एका मेसमध्ये राहत. कुटुंब गावी. आजोबा वर्षातून एकदा रजेवर येत आणि एरवी आठवड्यास एक कार्ड धाडीत. कामाच्या धांदलीत खाडा पडू नये म्हणून ते एकदम डझनभर कार्डे विकत घेऊन त्यांवर गावचा पत्ता लिहून ठेवीत, म्हणजे रविवारी मजकूर तेवढा लिहावयाचा. १९३१ सालच्या डिसेंबरअखेर गावी पेढीचे पत्र आले. टंकलिखित, २४ डिसेंबरचे. आपले यजमान ९ अल्टिमो रोजी निवर्तले हे कळविण्यास खेद होतो, येणे असलेल्या रकमेविषयी कागद पाठवावे, अशा अर्थाचे चार ओळींचे. घरात इंग्रजी कोणाला येत नव्हते. शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखविले. मास्तर सज्जन होते, पण अल्टिमो त्यांना कोठे भेटला नव्हता. 'अल्टिमेट' म्हणजे शेवटचा, तेव्हा 'नऊ तारखेस शेवट झाला' असा त्यांनी अर्थ लावला. महिना लिहिलेला नाही, पत्र डिसेंबरचे, तेव्हा ९ डिसेंबर. पंचांग पाहिले. कार्तिक अमावास्या. त्या वर्षापासून त्या घरी कार्तिक अमावास्येस श्राद्ध होऊ लागले.

आजी गेल्या. मुलगा गेला. मुलाच्या पत्नी, म्हणजे माझ्या स्नेह्यांच्या मातोश्री, आज नव्वदीच्या घरात आहेत. आम्ही त्यांना काकू म्हणतो. लग्न होऊन आल्यापासून दरसाल त्या दिवशी खीर-वडे त्यांनीच केले. न पाहिलेल्या सासऱ्यांसाठी पहाटे उठून सोवळ्याने स्वयंपाक करावयाचा, आणि कार्तिक-मार्गशीर्षाच्या थंडीत ओलेत्याने, हे त्यांनी कधी कुरकुर न करता केले.

काही वर्षांपूर्वी स्नेही कोलकात्यास आले. आजोबा ज्या शहरात राहिले आणि वारले ते एकदा पाहावे म्हणून काकूंनाही बरोबर आणले. येताना ट्रंकेतले कागद आणले होते, कारण मेसचा पत्ता शोधावयाचा होता. पेढीचे पत्र मी हाती घेतले आणि पहिल्याच ओळीशी थबकलो. चोवीस डिसेंबरच्या पत्रात नऊ अल्टिमो म्हणजे नऊ नोव्हेंबर. मी काही बोललो नाही. जंत्री काढली. ९ नोव्हेंबर १९३१, आश्विन अमावास्या.

आपण वाचता वाचताच ओळखले असेल. आश्विन अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन.

एका शब्दावरून नव्वद वर्षांची तिथी हलवावयाची, तर एक पुरावा पुरेसा नव्हे. पेढीच्या टंकलेखकाचीच चूक नसेल कशावरून? इन्स्टंटच्या जागी अल्टिमो पडणे अशक्य नव्हते. मी तसे स्नेह्यांना सांगितले. तेव्हा त्यांनी कागदांतून एक कार्ड काढले. पत्ता आजोबांच्या हातचा. मजकूर बंगाली. हे कार्ड त्या वर्षी दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी आले होते, असे आजी सांगत. पत्त्याचे अक्षर ओळखीचे, तेव्हा सर्व कुशल आहे असे घरच्यांनी धरले. कोणा बंगाली स्नेह्याचे लिखाण चुकून या कार्डावर झाले असेल, आता रजेवर येतील तेव्हा वाचून दाखवतील, म्हणून आजींनी ते देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवले होते. पुढे ते ट्रंकेत गेले. गावात बंगाली वाचणारा कोण असणार?

ते मी वाचले. मेसच्या आचाऱ्याने लिहिले होते. अक्षर ओबडधोबड, ओळी तिरप्या. बाबू काली-पूजेच्या रात्री गेले. ताप चार दिवस होता. मेसच्या मंडळींनी खांदा दिला आणि केवड़ातला घाटावर नेले. बाबूंच्या पेटीत ही पत्ता लिहिलेली कार्डे सापडली, म्हणून लिहीत आहे. बाबूंची छत्री आणि तांब्याचा तांब्या आपणापाशी ठेवला आहे, कोणी आले तर देईन.

बंगालात काली-पूजा होते ती आपल्या लक्ष्मीपूजनाच्याच अमावास्येस. टंकलेखकाची चूक नव्हती. अल्टिमो बरोबर होता आणि मास्तरांचे चुकले होते. दोन्ही दिवस अमावास्येचेच, तारीखही नऊच, म्हणून इतक्या वर्षांत कोणालाही संशय आला नाही. चुकीच्या तारखेने अगदी बेमालूम सोंग वठविले होते.

काकू सारे ऐकत होत्या. त्यांना मी तिथीचे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या रात्री घरी रांगोळी होती. सासूबाई सांगायच्या, त्या साली दिवाळीची मनिऑर्डर वेळेवर आली होती. यांना नवी टोपी घेतली होती."

मनिऑर्डरीचे कुपन ट्रंकेत होते. मी ते पुन्हा पाहिले. ऑक्टोबरअखेरचे.

स्नेही थोडे अस्वस्थ झाले होते. आता श्राद्ध कोणत्या दिवशी करावयाचे हा त्यांचा प्रश्न. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी श्राद्धाचा स्वयंपाक आणि संध्याकाळी दिवे, हे कसे जमावे? झालेली श्राद्धे फुकट गेली काय? येथील एका वृद्ध शास्त्रीबोवांकडे आम्ही गेलो. ते म्हणाले, तिथी कळल्याच्या पुढे खरी तिथी धरावी, आणि न कळता श्रद्धेने केले ते वाया जात नाही. शास्त्राचा निवाडा एवढाच. पण तिथी बदलणे पंचांगात सोपे, घरात नाही. गाडीत बसता बसता काकूंनी आपला निर्णय सांगितला. दिवाळीच्या दिवशी दुपारी श्राद्ध होईल, दिवेही लागतील, सासऱ्यांच्या नावाची एक पणती दारात वेगळी ठेवीन. आणि कार्तिक अमावास्येस खीर मात्र चुकवावयाची नाही. "त्यांना सवय झाली असेल," त्या म्हणाल्या.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला पुन्हा हाक मारली. हातात ते कार्ड होते.

"शेवटची ओळ वाच पाहू पुन्हा."

मी वाचली. छत्री आणि तांब्या ठेवला आहे, कोणी आले तर देईन.

"आपल्याकडून कोणी गेलेच नाही ना?" काकूंनी विचारले.

भवानीपुरातला तो मेस आम्हाला सापडला नाही. कार्डावरच्या गल्लीत आता पाच मजली इमारती आहेत. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याने आपल्या वडिलांकडून ऐकले होते की येथे पूर्वी परगावचे बाबू राहत. कोणते बाबू, ते त्याला माहीत नव्हते. काकूंनी त्याच्याकडून शेरभर संदेश घेतले आणि आचाऱ्याच्या नावाने गल्लीतल्या मुलांना वाटले.